बुधवारचा हात

खालून एक हिसका बसला आणि नेरिस प्रॉबर्टचा उजवा हात वर गेला. आधी हिसका, मग हात, असं ती नंतर तीन दिवस स्वतःला सांगत राहिली, पण त्या क्रमाची तिला एकदाही खात्री वाटली नाही. हात वर गेला म्हणजे संपलं. कॅम नदी इतकी अरुंद की दोन बोटी शेजारी शेजारी पळवायची सोय नाही, म्हणून सतरा बोटी एकीमागे एक, मध्ये दीड दीड बोटीचं अंतर ठेवून उभ्या राहतात, आणि तोफ उडाली की प्रत्येकीने पुढचीला शिवायचं आणि मागचीला शिवू द्यायचं नाही. मोठ्या माणसांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने खेळलेली शिवाशिवी. हिला मे महिन्याची शर्यत म्हणतात, ती होते जूनमध्ये, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. शिवलं गेल्याची कबुली द्यायचा हक्क बोटीत एकाच माणसाला, सुकाणूवर बसलेल्या कॉक्सला. तिने हात वर केला की दोन्ही बोटींनी काठाला लागायचं आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलून उभं राहायचं. असं बुधवार ते शनिवार, चार दिवस. बुधवारी दुपारी, ग्रासीच्या वळणाच्या जरा पुढे, सेंट ऑड्रीज कॉलेजच्या मुलींच्या दुसऱ्या बोटीच्या कॉक्सने हात वर केला, आणि मागच्या बार्नवेल हॉलच्या मुली किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. त्यांनी काठावरच्या विलोच्या डहाळ्या तोडून केसांत खोचल्या, कारण जिंकलेल्यांनी घरी जाताना हिरवं लेऊन जायचं असतं. त्यांची कॉक्स मात्र डहाळी हातातच धरून नेरिसकडे बघत होती. तिच्या नजरेत आनंद कमी आणि प्रश्न जास्त होता.

बोट धक्क्याला लावून खांद्यावरून शेडमध्ये आणली, उलटी करून मांडणीवर ठेवली, तेव्हा टेबट तिथे होते. चाळीस वर्षं याच शेडमध्ये बोटी दुरुस्त करणाऱ्या माणसाची बोटं, वार्निशात मुरून पिवळी पडलेली. त्यांनी मागच्या टोकावरून तळवा फिरवला, एकदा, मग परत एकदा, उलट्या दिशेने. ओरखडा नव्हता. पोचा नव्हता. मग त्यांनी सुकाणूच्या पात्यात अडकलेला पाणगवताचा मुळांसकट झुबका दोन बोटांनी ओढून काढला आणि बादलीत टाकला. ‘हलकीच लागली असणार, पोरी,’ ते म्हणाले, आणि फडकं शोधायला गेले. नेरिस त्या झुबक्याकडे बघत उभी राहिली. बादलीत तो हळूहळू पसरत होता. हिसका कसला होता ते तिला त्याच वेळी कळलं. खरं म्हणजे ते तिला नदीवरच, हात अजून हवेत असतानाच कळलं होतं, पण हात खाली घ्यायची रीत नाही. एकदा वर गेलेला हात पंच वहीत लिहून टाकतो. काठावरून सायकलने बरोबर धावणाऱ्या मंडळींना वळणाच्या झाडीमुळे काही दिसलेलं नव्हतं. म्हणजे ही गोष्ट तिला ठाऊक होती, कदाचित त्या डहाळीवाल्या मुलीला ठाऊक होती, आणि हेस्टरला.

हेस्टर ग्रेव्हलिंगला ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. या बोटींची बैठकच अशी विचित्र आहे की वल्ही मारणाऱ्या आठही जणी मागे तोंड करून बसतात आणि एकटी कॉक्स पुढे तोंड करून. मागून येणारी बोट सगळ्यांना दिसू शकते, फक्त कबुली देणारीला दिसत नाही. त्या आठांतही मागच्या सात जणींना समोरच्या मानेपलीकडे आणि स्वतःच्या धापेपलीकडे फारसं काही कळत नाही. पण स्ट्रोकच्या जागेवर, सगळ्यांना लय देत, कॉक्सच्या गुडघ्याला जवळजवळ गुडघा लावून बसलेल्या हेस्टरच्या समोर नेरिसचं तोंड असतं आणि नेरिसच्या खांद्यावरून सगळी नदी. तिने पाहिलंच असणार. आणि बोटीतून उतरल्यापासून तिने एक अक्षर काढलं नव्हतं. सगळ्यात पुढच्या जागेवरची मॉड बडबडत होती, बार्नवेलच्या मुलींना शिव्या घालत होती, आपल्याला कणभरही धक्का जाणवला नाही म्हणत होती, साठ फूट लांब बोटीच्या दुसऱ्या टोकाला बसल्यावर तो जाणवायचा तरी कसा. हेस्टरने फक्त मोजे पिळले आणि ती निघून गेली. रात्री जेवणाच्या हॉलमध्ये ती समोरच्याच बाकावर होती. भाजलेल्या बटाट्यांच्या फोडी करत होती, त्याही अशा सावकाश की नेरिसला वाटलं, आता ती काटा खाली ठेवेल आणि सगळ्यांदेखत विचारेल. तिने विचारलं नाही. मीठ दे म्हणाली.

विचारलं असतं तर बरं झालं असतं. नेरिसला वाट बघता येत नाही, हे तिचं लहानपणापासूनचं दुखणं. लॅनेल्लीच्या आजोळी, सुट्टीत, भावंडं लपंडाव खेळायची. ती धुण्याच्या खोलीतल्या कपाटात, कोटांच्या मागे, नॅप्थलीनच्या वासात बसायची. जागा चांगली होती, तिथे कुणी कधी बघत नसे. पण फरशीवर पावलं वाजायला लागली, जवळ आली, थांबली, की तिच्या पोटात असं काही पिळवटायचं की ती स्वतःच दार ढकलून बाहेर यायची. मोठा भाऊ ओवेन वैतागायचा. अगं, मी तर पाणी प्यायला आलो होतो, म्हणायचा. सगळे हसायचे, तीही हसायची, आणि पोट मोकळं झालेलं असायचं. त्या मोकळेपणाची चव तिला फार लवकर लागली. बाबांच्या वेळीही तेच झालं. ती अकरा वर्षांची होती. आईबाबांचं बोलणं स्वयंपाकघराच्या दाराआड आठवडेच्या आठवडे चाललेलं, आवाज न चढवता, आणि एका संध्याकाळी बाबा म्हणताना तिने ऐकलं की मला नाही माहीत, माझं अजून काही ठरलेलं नाही. ती वर गेली. त्यांची निळी बॅग तिने पलंगाखालून ओढली, शर्ट घड्या घालून भरले, दाढीचं सामान भरलं, चष्म्याचं घर भरलं, आणि बॅग बाहेरच्या दारापाशी नेऊन ठेवली. बाबा बाहेर आले. त्यांनी बॅगेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग त्यांनी बॅग उचलली. आता ते ॲबर्डीनला असतात, नाताळला फोन करतात, प्रेमाने बोलतात. बॅग भरली नसती तर काय झालं असतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि तिला ते विचारायचं धैर्य झालेलं नाही.

गुरुवारी त्यांना खरोखर शिवलं गेलं. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. तोफेनंतर दीड मिनिटात मागची बोट नुसती चढून आली आणि तिच्या नाकावरचा रबरी चेंडू ठक्कन नेरिसच्या पाठीमागच्या लाकडावर बसला. कोरडा, आखूड आवाज, आणि तो कानांत न वाजता दातांत वाजला. हात वर करताना तिला कसलंसं विलक्षण बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तिला लगेच किळस आली. शुक्रवारी पुन्हा तेच, डिटनच्या वळणावर, पबच्या हिरवळीवर बसून स्ट्रॉबेऱ्या खाणाऱ्या दोनशे माणसांच्या साक्षीने. पुन्हा ठक्क, पुन्हा दातांत. टेबटनी दोन्ही दिवस मागच्या टोकावरच्या पोच्यांवर बोट ठेवलं आणि पोचे बुजवायच्या लांबीचा डबा उघडला. पहिला पोचा डाव्या बाजूला, दुसरा जरा वर. बुधवारची जागा त्यांनी दाखवली नाही, कारण दाखवायला काही नव्हतं. नेरिस त्यांच्या शेजारी उभी राहून बघत होती. बुधवारचा हिसका कसा होता ते ती आठवत होती. तो खालून आला होता. मऊ होता. बसल्याजागी कुणीतरी खालची उशी ओढावी तसा. आणि तो दातांत वाजला नव्हता. ही साधी गोष्ट तिला दोन खरे पराभव खाल्ल्यावर कळत होती. आधी कळली असती तर बुधवारी त्या सुटल्या असत्या, गुरुवारी मागे दुसरीच बोट असती, कदाचित शुक्रवारही वाचला असता, आणि असं कपाळाला हात लावून बसायची वेळ आली नसती.

आता उरला शनिवार. चारही दिवस शिवल्या जाणाऱ्या बोटीला लाकडी चमचे मिळाले म्हणतात. चमचे काही कुणी प्रत्यक्ष देत नाही, पण ते नाव पुढची कित्येक वर्षं कॉलेजातल्या बिअरच्या प्रत्येक पेल्याबरोबर निघतं. शनिवारी मागे उभी होती सेंट गुथलॅकची बोट, तिन्ही दिवस पुढचीला शिवून आलेली, आणि चौथ्या दिवशी शिवलं की त्यांच्या प्रत्येकीला सोनेरी अक्षरांत नाव घातलेलं वल्हं मिळणार होतं. मॉड म्हणाली, त्यांनी डहाळ्या आधीच तोडून सायकलच्या टोपलीत ठेवल्या आहेत, मी डोळ्यांनी बघितलं. कुणी हसलं नाही. हेस्टरची ही शेवटची शर्यत होती, पुढच्या शनिवारी ती पदवी घेऊन जाणार होती, आणि चार वर्षं पहाटे पाचला उठून नदीवर आल्याचं सार चमचा असं निघणार होतं. नेरिसने सकाळी आरशासमोर उभं राहून ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, दात घासता घासता तिला ते दिसलं. हात वर जाणारच नाही असं काही तिने ठरवलं नाही. तो भ्याडपणाच झाला असता, फक्त उलट बाजूचा. तिने ठरवलं ते एवढंच की आज पावलं कपाटापाशी येऊन थांबली तरी दार आपण ढकलायचं नाही. ज्याला उघडायचं असेल त्याने उघडावं.

तोफा तीन असतात. पहिली निघायच्या चार मिनिटं आधी, दुसरी एक मिनिट आधी, तिसरीला निघायचं. तोवर कॉक्सने काठाला बांधलेल्या साखळीचं टोक हातात धरून बसायचं, म्हणजे सगळ्या बोटी आपापल्या जागी राहतात. पहिली तोफ झाली. टेबट काठावरून लांब काठीने बोट प्रवाहात ढकलत होते आणि साखळी ताणली जात होती. नेरिसचा उजवा हात खांद्याच्या वर, साखळी धरलेला. आज हा हात सुरुवातीपासूनच वर आहे, असा एक वेडगळ विचार तिच्या मनात येऊन गेला. हेस्टर समोर बसली होती, गालांवर लाल चट्टे, नजर नेरिसच्या खांद्यापलीकडे गुथलॅकच्या बोटीवर लागलेली. नेरिसने तोंडासमोरच्या माइकचं बटण बंद केलं.

‘बुधवारी आपल्याला शिवलं नव्हतं,’ ती म्हणाली.

हेस्टरची नजर खांद्यावरून तिच्या तोंडावर आली. ‘माहीत आहे,’ ती म्हणाली.

‘सुकाणूत गवत अडकलं होतं. मी…’

‘नेरिस, माहीत आहे मला. आत्ता नको.’

दुसरी तोफ झाली. एका मिनिटात माणूस काय काय विचार करू शकतो याला काही मर्यादा नाही. माहीत होतं तर तीन दिवस हिने तोंड का उघडलं नाही? दया आली? की इतका तिरस्कार वाटला की बोलण्याच्या लायकीचीही मी उरले नाही? मीठ दे म्हणाली तेव्हा हिच्या मनात काय होतं? टेबट मोठ्याने आकडे मोजत होते, तीस, वीस, दहा. साखळी बोटांत काचत होती. नेरिसने माइक चालू केला आणि तिला आश्चर्य वाटलं, की पोटात पिळवटत होतं तेच आणि तसंच, पण आज त्या पिळवटण्याला मोकळं व्हायची घाई नव्हती. तोफ उडाली. तिने साखळी सोडली.

पहिली शंभर वल्ही त्यांनी बरी मारली. मग मागून गुथलॅकच्या काठावरच्या माणसाची शिट्टी आली, एक. म्हणजे त्यांनी अर्धी बोट अंतर तोडलं. ग्रासीच्या वळणाला दोन. नेरिस आतल्या बाजूला इतकी चिकटली की वल्ह्यांची पाती काठच्या लव्हाळ्यांना लागली, आणि ती तोंडाने सारखी बोलत होती, काय बोलत होती ते तिलाच कळत नव्हतं. पाय, पाय, लांब, मॉड तुझी बाजू. गवताच्या जागेपासून तिने बोट हातभर लांब ठेवली. डिटनला तीन शिट्ट्या. हिरवळीवर माणसं उभी राहून ओरडत होती, आणि त्या आरड्याओरड्यातून तिला मागच्या कॉक्सचा आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला, ती स्वतःच्या मुलींना सांगत होती की आणखी सहा मारा, सहा, आणि आपलं झालं. आता लांबच लांब सरळ पट्टा होता आणि त्याच्या टोकाला रेल्वेचा पूल, तो आला की शर्यत संपली. पूल काही केल्या मोठा होत नव्हता. शिट्टी आता थांबायचीच बंद झाली, एकच लांब, म्हणजे त्यांच्या बोटीचं नाक नेरिसच्या बोटीच्या बगलेत आलं होतं. नेरिसने मागे वळून पाहिलं नाही. तिने हेस्टरकडे पाहिलं. नदी तिथे हेस्टरच्या चेहऱ्यावर असते, हे तिला चार दिवसांत कळून चुकलं होतं. डोळे किती बारीक झाले त्यावरून अंतर कळतं. हेस्टरचे डोळे मिटल्यात जमा होते.

आणि तेव्हा खालून हिसका बसला.

नेरिसचं मनगट सुकाणूच्या दोरीवरून सुटलं. तिला ते सुटताना दिसलं, बोटं उघडलेली, कोपर वर निघालेलं. हेस्टरकडे बघावं असं तिला वाटलं. तिने मान हलवली असती, हो किंवा नाही, आणि प्रश्न मिटला असता. पण ते म्हणजे पुन्हा दार दुसऱ्याच्या भरवशावर ढकलण्यासारखं होतं. नेरिसने डोळे खाली घेतले. पाव सेकंदच असेल, पण त्या पाव सेकंदात ती नीट, सावकाश, अभ्यासाला बसावं तशी ऐकत राहिली. खालून. मऊ. उशी ओढल्यासारखा. मागच्या बोटीच्या नाकापुढे पाण्याची जी वळकटी असते ती आपल्या टोकाखाली शिरली आहे. दात शांत होते. तिने हात पुन्हा दोरीवर आणला, दोरी अर्धा इंच ओढली, आणि बोटीचं मागचं टोक गुथलॅकच्या नाकापासून जेमतेम बाजूला सरकलं. मागे ढवळलेलं पाणी त्या नाकावर आपटून त्याला काठाकडे ढकलत होतं. मागची कॉक्स किंचाळली. नेरिस माइकमध्ये म्हणाली, ‘शिवलेलं नाही. शिवलेलं नाही. मारत राहा,’ आणि स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला. त्यानंतरची वल्ही तिने मोजली नाहीत. शिट्टी लांब होती ती तुटली, मग तीन झाली, मग कुठेतरी मागे नुसतीच वाजत राहिली. पुलाची सावली थंडगार अंगावरून गेली आणि वरून एक मालगाडी चालली होती.

वल्ही थांबली. कुणी पुढे कोसळलं, कुणी मागे, मॉडला ओकारी आली आणि ती नदीत ओकली, आणि ओकता ओकता हसत होती. बोट नुसतीच वाहत होती. नेरिसची बोटं सुकाणूच्या दोऱ्यांभोवती आखडली होती, ती तिला एकेक करून सोडवावी लागली. गुथलॅकची बोट शेजारून गेली, आतल्या दोघीतिघी रडत होत्या. हेस्टर गुडघ्यांवर डोकं टेकून होती. मग तिने मान वर केली.

‘किती होतं?’ नेरिसने हळूच विचारलं. माइक बंद होता.

‘तुझ्या कोपरापाशी आला होता चेंडू. हात बाहेर काढला असतास तर लागला असता.’ हेस्टरने तोंडावरचा घाम दंडाला पुसला. ‘बुधवारी हातभर अंतर होतं. चांगलं हातभर.’

‘मग बोलली का नाहीस? तीन दिवस मी…’

‘मी मेले होते गं बुधवारी.’ हेस्टर तिच्याकडे न बघता, पाण्याकडे बघून बोलत होती. ‘वळणावर माझ्या पायांत काही उरलं नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, शिवू दे एकदाचं, शिवू दे. आणि तू हात वर केलास. इतकं बरं वाटलं मला, नेरिस. आयुष्यात इतकं बरं वाटलं नव्हतं. तुझ्याकडे बघायची लाज वाटत होती.’

बटाटे, मीठ, पिळलेले मोजे, सगळं नेरिसच्या डोळ्यांसमोरून दुसऱ्याच क्रमाने गेलं. तिला रडू येत होतं, आणि ती रडली, थोडंसं, नाक ओढत. निळी बॅग उचलायच्या आधी बाबांनी इतका वेळ जे बघितलं होतं ते काय असेल, असं तिच्या मनात आलं, आणि या वेळी तिने तो विचार झटकला नाही. ॲबर्डीनला फोन लागतो. नाताळपर्यंत थांबायलाच हवं असं काही नाही. काठावर टेबट सायकल टाकून उभे होते आणि मागच्या टोकाकडे वाकून वाकून बघत होते. मग त्यांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. ओरखडासुद्धा नाही.

हेस्टरच्या पाठीमागच्या मुली गाणं म्हणायला लागल्या होत्या. चमचा वाचला होता. मॉड ओरडून विचारत होती की बार्नवेलच्या त्या चेटकिणींना आता पुढच्या वर्षी बघून घ्यायचं की नाही.

‘सांगणार आहेस का यांना?’ हेस्टरने विचारलं.

‘हो.’

हेस्टरने मान डोलावली. वल्ह्याची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली, जणू शर्यत अजून सुरू व्हायची होती. ‘मग दोघींचं सांग,’ ती म्हणाली.

नेरिसने माइकचं बटण दाबलं, मुलींना जरा गप्प बसा म्हणाली, आणि बुधवारपासून सांगायला सुरुवात केली.